आबांच्या गोळ्या आणि माझा मसाल्याचा डबा

आमच्या सोमाटण्याच्या घरात गोळ्यांचा घोळ आजवर एकदाच झाला, आणि तो घरात नर्सिंग शिकणाऱ्या एकुलत्या एका माणसाने घातला. म्हणजे मी.

तेव्हा मी लोणावळ्याला हॉस्टेलवर राहून दुसऱ्या वर्षाला होते. औषधशास्त्राचा पेपर सोमवारी आणि मी शनिवारी घरी. डोक्यात मॅडमचे शब्द घणघणत होते : योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ! अशा अवस्थेतल्या मुलीला खरं तर घरात घेऊच नये.

माझे आजोबा, आबा, सही करण्यापुरतंच लिहितात. त्यांच्या गोळ्या खुंटीवरच्या कापडी पिशवीत असायच्या. सकाळच्या बीपीच्या पाकिटाला सेफ्टी पिन, संध्याकाळी जेवणाआधीच्या शुगरच्या पाकिटाला काळा दोरा, झोपतानाच्या पाकिटाला रबर.

"आबा, हा काय प्रकार? गोळ्यांना काळा दोरा?"

"आगं, पिन टोचली का सकाळ, दोरा घावला का सांच्याला. बोटानं वळखतो. चष्मा बी लागत न्हाई."

"हे शास्त्रीय नाही!" मी जाहीर केलं. (देवा, त्या क्षणी माझी दातखीळ का नाही बसवलीस?)

आईला लग्नात आलेला मसाल्याचा डबा फळीवर कोराच पडला होता. स्टीलचा, गोल, आत चार वाट्या. तो बघून मला अगदी भरून आलं. टक टक टक करत मी सगळी पाकिटं फोडली. बीपी एका वाटीत, शुगर दुसरीत, झोपतानाची तिसरीत. आईची थायरॉइडची गोळीसुद्धा सोडली नाही! पिन, दोरा, रबर केरात आणि रिकामी पाकिटं पाणी तापवायच्या बंबात. मग प्रत्येक वाटीच्या बरोब्बर वर, झाकणावर, सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या. झाकणावर. गोल झाकणावर. तुमच्या एव्हाना लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

संध्याकाळी आबा ताटावर बसले. "पोरी, शुगरची गोळी दे."

मी ऐटीत डबा आणायला गेले, तर आई त्याला फडकं मारत होती. "पिठाचा हात लागलावता गं," म्हणत तिने झाकण दाबून बसवलं.

"आई! झाकण आधी कसं होतं?"

"कसं म्हंजी? गोल व्हतं."

मी झाकण काढलं. चार वाट्यांत गोळ्या. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या गोल, सगळ्या बारीक!

"वास घिऊन बघ की," आई म्हणाली.

"आई, हे काय जिरं-मोहरी आहे?"

"मसाल्याच्या डब्यात ठिवल्यात म्हनून म्हनले."

शुगरची गोळी जास्त गेली, तर माणूस घामाघूम होऊन कोसळतो, हे मला पान नंबरासकट पाठ होतं. ती कोणत्या वाटीत, एवढंच पाठ नव्हतं. समोर माझे आबा बसलेले, ज्यांनी मला खांद्यावर बसवून शाळेत नेलं, आणि माझ्या हातात चार वाट्या.

"भूक लागलीया. दे एक आंदाजानं," आबा म्हणाले.

अंदाजाने! मी भोकाड पसरलं. "शंका असेल तर औषध देऊ नये" हा एकच नियम अजून मोडायचा राहिला होता. तेवढा मी पाळला आणि डबा पोटाशी धरून फाट्यावरच्या मेडिकलकडे पळत सुटले.

दुकानदार भाऊंनी झाकण उघडलं. "ताई, प्रसाद आणलाय का?"

"भाऊ, यातली शुगरची गोळी कोणती, सांगा ना!"

"सुटी गोळी बघून कुणी सांगत नसतं. एवढंही माहीत नाही? काय शिकता तुम्ही?"

"नर्सिंग," मी म्हटलं. तो आवाज माझा मलाच ऐकू आला नाही. भाऊंनी मात्र ऐकला, आणि वर गिऱ्हाइकांनाही ऐकवला.

त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. पुन्हा घरी पळाले. (चिठ्ठी आबांच्या जुन्या पिशवीच्या तळाशी होती, आणि पिशवी मी फरशी पुसायला काढली होती!) पुन्हा मेडिकल, नवी पाकिटं, पुन्हा घर. डब्यातल्या गोळ्या भाऊंनी नष्ट करायला ठेवून घेतल्या. आबांनी गोळी घेतली आणि गार भाकरी खाल्ली. नुसता हात पुढे केला, "पिन दे." मी केर उपसून पिन दिली. मग रबर दिलं. मग काळा दोरा दिला.

सोमवारी पेपरात प्रश्न आला : घरी औषधे घेणाऱ्या वृद्ध रुग्णाला काय सल्ला द्याल? मी तीन पानं लिहिली. औषधे मूळ पाकिटातच ठेवावीत. रुग्णाची पद्धत आधी विचारून घ्यावी. मॅडम म्हणाल्या, "अगं, किती मनापासून लिहिलंयस!" त्यांना काय सांगणार, कप्पाळ?

पुढे मी पास झाले, नोकरीला लागले. परवा रजेवर घरी गेले, तर शेजारच्या मावशी आबांना म्हणाल्या, "नात नर्स झाली! आता गोळ्यांची काळजी न्हाई."

"व्हय तर!" म्हणत आबा उठले. खुंटीवरची पिशवी काढली, ट्रंकेत घातली आणि कुलूप लावलं. "ती ड्यूटीवर गेली का पुन्यांदा खुंटीला लावतो."