माझ्या वरच्या मजल्यावरचा जाहिरातशास्त्री

जगातली प्रत्येक वस्तू चुकीची बनलेली आहे आणि ती सुधारण्यासाठीच परमेश्वराने आपल्याला गारगोटीहून एसटीत बसवून कोल्हापूरला धाडलं आहे, अशी मनोमन खात्री असलेला माणूस माझ्या वरच्या खोलीत दोन वर्षं राहून गेला. शिकायला तो मार्केटिंगला होता, पण कॉलेजला त्याच्याकडून किती शिकायला मिळालं हे कॉलेजलाच ठाऊक. पहिल्या दिवशी तो खोली बघायला आला आणि आधी गेटावरची पाटीच वाचत उभा राहिला. पाटी माझ्या हातची होती: खोली भाड्याने देणे आहे. मित्र आणू नयेत. दारू, पत्ते, मोठ्याने गाणी चालणार नाहीत. रात्री दहानंतर गेट उघडणार नाही. "काका," तो म्हणाला, "ही जाहिरात न्हाय, तक्रार हाय. तुम्हाला काय नको ते सगळं लिवलंय. काय पायजे ते कुठं हाय?" मी म्हटलं, "भाडं पाहिजे." त्यावर त्याने माझ्याकडे डॉक्टर बघतात तसं बघितलं. "नुसत्या भाड्यासाठी माणूस एवढं लिवत न्हाय."

असल्या भाडेकरूला खरं तर गेटातूनच परत पाठवायला हवं होतं. मी चहा टाकला.

त्याची मतं घड्याळ बघून येत नसत. सकाळी न्हाणीघरातून आवाज यायचा, "काका, शाम्पूच्या पुडीवर 'इथे फाडा' लिवलंय, नेमकी तिथंच फाटंना! ओल्या हातानं फाडायची वस्तू कोरड्या खोलीत बसून काढल्यावर हेच होणार की." मी एकदा फोनवर गुडघ्याचा पट्टा शोधला, तर पुढे महिनाभर फोन मला पट्टेच दाखवत राहिला. मी कौतुकाने म्हणालो, बघ, किती ओळखतो मला. तो म्हणाला, "ओळखत न्हाय, पाळत ठेवतोय. ओळखीचा माणूस मधनंच गप बी बसतो." स्वतः मात्र तो मधनं गप्प बसल्याचं मला आठवत नाही.

आमच्या चौकात वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात. मधे गॉगल लावलेला वाढदिवसवाला आणि त्याच्याभोवती डाळिंबाच्या दाण्यांसारखे शुभेच्छुकांचे चेहरे. ह्याने भर चौकात उभं राहून असल्याच एका फ्लेक्सची तोंडी चिरफाड सुरू केली. तालमीची पोरं जवळ आली. "काय पावणं, तुमचं काय दुखतंय?" मी घराकडे निघण्याच्या बेतात होतो. पण हा पठ्ठ्या शांतपणे म्हणाला, "माझं काय न्हाय, तुमचं डोकं गॉगलच्या मागं गेलंय." पोरांनी फ्लेक्स निरखून बघितला, तर खरंच गेलं होतं. पुढचा फ्लेक्स त्यालाच करायला दिला. त्याने एकच चेहरा, एकच ओळ आणि बाकी सगळी मोकळी जागा ठेवली. फ्लेक्स इतका देखणा झाला, की ज्यांचे चेहरे गळले ते सगळे रुसले आणि वाढदिवसाच्या मटणाला कुणी फिरकलंच नाही. एवढा पातेलंभर रस्सा आणि जेवायला वाढदिवसवाला, हा आणि मी. परत येताना तो प्रथमच हळू आवाजात बोलला. "माझंच चुकलं, काका. माणसं फ्लेक्स बघत न्हाईत. आपण त्यात हाय का, तेवढंच बघत्यात."

त्याच आठवड्यात त्याने माझ्या टीव्हीचा रिमोट हातात घेतला. आता ह्याच्यावर व्याख्यान होणार म्हणून मी सरसावून बसलो. "काका, एवढी बटणं, पण झिजलंय एकच. आवाज वाढवायचं. ऐकू कमी येतं व्हय?" मी म्हटलं, कान ठणठणीत आहेत. तो पुढे काही बोलला नाही. आमची ही गेल्यापासून मी टीव्ही स्वयंपाकघरात ऐकू येईल इतका मोठा ठेवायचो, हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तो आपला डबा घेऊन खाली जेवायला येऊ लागला. वर पंखा नीट बसवलेला नाही, वारं भलतीकडेच जातं, असं त्याचं म्हणणं होतं.

गेल्या उन्हाळ्यात त्याला बंगळुरात नोकरी लागली. जाताना त्याने मला नवी पाटी रंगवून दिली. 'वर खोली रिकामी आहे. खाली काका आहेत. संध्याकाळी जेवायला खाली आलात तर बरं वाटेल.' मी चिडलो. "असं कुणी गेटावर लावतं का? गल्ली हसेल." तो बॅग उचलत म्हणाला, "हसूदे की. वाचल्याबिगर हसता येत न्हाय."

रविवारी त्याचा फोन येतो. पहिलं वाक्य, "आधी टीव्हीचा आवाज कमी करा," आणि दुसरं, "पाटी लावली का?" मी लावली म्हणतो, आणि ते खोटं नाही. पाटी गेटाला तारेने टांगलेली आहे. फक्त अक्षरं घराच्या बाजूला आहेत, त्यामुळे व्हरांड्यात बसलं की मला वाचता येतात आणि रस्त्यावरच्या कुणाला येत नाहीत. ह्याला तो काय म्हणेल हे मला पाठ आहे.

काल दुपारी वारं सुटलं आणि पाटी फिरली. अक्षरं रस्त्याकडे गेली. उठून सरळ करायला हवी होती. मी टीव्हीचा आवाज कमी केला आणि बसून राहिलो.