डावा गुडघा टेकेपर्यंत

आम्ही दोघा नवरा-बायकोनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चादर पिळणं. गच्चीवर, एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. ती फिरवत होती त्याच अंगाला मीही फिरवत होतो, त्यामुळे पाणी काही निघेना. "अहो, उलट फिरवा! बेचाळीस वर्षं चादर पिळताय, अजून बाजू कळत नाही?" असं म्हणून ती इतकी हसली की तिच्या हातून टोक सुटलं, आणि चादर पुन्हा धुवावी लागली. संध्याकाळी देवापुढे दिवा लावायला ती बसली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्यावर मला जास्त लिहायचं नाही.

लिहायचं आहे ते गुडघ्याबद्दल.

मी जन्मलो इकडे हिंदी मुलखात, नदीकाठच्या दूधविनायकच्या गल्लीत, शिकलो सातवीपर्यंत, आणि रेल्वेच्या कारखान्यात फिटर होतो. त्या कामात डावा गुडघा गेला. दहा वर्षं जमिनीवर बसलो नव्हतो. जेवण टेबलावर, पूजा स्टुलावर. तिचे तेराव्यापर्यंतचे विधीही भिंतीला टेकून, पाय लांब करून कसेबसे उरकले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्हाला एकच मुलगी, ती लखनौला. वर्षश्राद्ध मलाच करायचं होतं.

आमचे गुरुजी माझ्या निम्म्या वयाचे. म्हणाले, "काका, त्या दिवशी खुर्चीवर बसा. आजकाल चालतं."

"पिंड देताना डावा गुडघा जमिनीला टेकवतात ना?"

"टेकवतात. पण तुमचा..."

"मग टेकवणार. तिच्या नावाचं पाणी खुर्चीवरून सोडायला मी काय तहसीलदार आहे?"

बोलून तर बसलो. हातात अकरा महिने होते.

ती रोज सकाळी राजा घाटावर योगाच्या क्लासला जायची. मी म्हणायचो, "अकरा बायका एकदम उड्या मारतात, एक दिवस घाट खचेल." आता तिचीच चटई काखोटीला मारून मी गेलो. तिथे दहा बायका होत्या. अकरावा मी. त्यातली आमची मराठी शेजारीण लगेच म्हणाली, "जपून हं भावोजी, घाट खचेल!" म्हणजे घरातलं सगळं बायको इथे येऊन सांगत होती.

क्लास घेणाऱ्या बाई शाळेतून रिटायर झालेल्या, काडीसारख्या बारीक. सगळी गल्ली त्यांना बहनजी म्हणते. त्यांना मी कारण सांगितलं. त्या हसल्या नाहीत. माझ्या खाली दोन घोंगड्यांची घडी घातली, गुडघ्याखाली उशी सरकवली, आणि म्हणाल्या, "आँखें बंद। साँस को आते-जाते देखिए।"

"साँस देखने नहीं आया बहनजी, घुटना ठीक कराने आया हूँ।"

"घुटना कहीं भागा नहीं जा रहा। बैठिए।"

बसलो. दहा श्वास मोजायचे होते. तिसऱ्या श्वासाला माझं डोकं गॅसच्या सिलिंडरवर, पाचव्याला मुलीकडे, सहाव्याला तिच्याकडे. बहनजी म्हणाल्या, मन जातंच. गेलेलं कळलं की परत आणायचं, रागवायचं नाही. हे न रागवणं मला गुडघ्याहून अवघड गेलं. घरीही रोज दहा मिनिटं बसा म्हणाल्या, एकाच जागी, एकाच वेळी. मी स्वयंपाकघराच्या दारातली जागा धरली. तिथे ऊन आधी येतं.

दुसऱ्या महिन्यात मला घाई झाली. गुडघा अजून वीतभर वरच. फिटरचं डोकं, वजन टाकलं की खाली जाणारच. घरी मांडी घातली आणि गुडघ्यावर वरवंटा ठेवला. गुडघा गेला नाही, सुजला. उठताच येईना. माझी हाक ऐकून शेजारीण आली, तिने आणखी दोघींना बोलावलं, तेव्हा तिघींनी मिळून मला उभं केलं. आठवडाभर लाजेने क्लासला गेलो नाही. मग बहनजीच घरी आल्या. वरवंटा तिथेच पडला होता. त्यांनी तो पाहिला.

"भाईसाहब, कारखाने में नट जाम हो जाए तो क्या करते थे?"

"तेल डालते थे। फिर छोड़ देते थे।"

"ज़ोर नहीं लगाते थे?"

जोर लावला तर आटे जातात, हे मी तीस वर्षं पोरांना ओरडून सांगितलेलं. बहनजींनी वरवंटा उचलून पाट्यावर ठेवला. "यह चटनी के लिए रखिए।"

मग मी जोर सोडला. श्वास सोडायचा आणि त्याच्याबरोबर गुडघ्यालाही सोडायचं, जाईल तेवढा जाऊ दे. आणि गंमत अशी की मजा यायला लागली. मंगला गौरीच्या देवळातली घंटा कानावर यायची, नावेच्या इंजिनाची फटफट यायची, आणि मध्ये माझा श्वास, जुन्या भात्यासारखा. एकदा श्वास सोडता सोडता रडू आलं. शेजारणीने नाक पुसायला आपला पदर पुढे केला, पण मी माझा गमछाच वापरला. थंडी सरता सरता उशी गेली. पावसाळ्यात घाट बुडाला तेव्हा क्लास बहनजींच्या अंगणात भरला, तिथे एक घोंगडी गेली. वर्षश्राद्धाच्या आदल्या आठवड्यात गुडघा जमिनीपासून बोटभर वर होता.

श्राद्धाच्या दिवशी गुरुजींनी दाराजवळ एक खुर्ची ठेवून दिली होती. "असू दे नुसती, काका."

मी जमिनीवर बसलो. तासाभराने पायाला मुंग्या आल्या, त्या येऊ दिल्या. पिंडांची वेळ झाली तेव्हा गुरुजी हळूच म्हणाले, "आता डावा गुडघा..." मी श्वास सोडला. फरशी गार लागली. बरीच गार. गुडघा तसाच टेकवून तीळपाणी सोडलं.

सगळं आटोपल्यावर मी भिंतीला हात न लावता उठलो. गुरुजी मात्र बसूनच. "काका, जरा हात द्या हो, पाय झोपला." लखनौहून आलेली मुलगी सकाळपासून रडत होती, ती एकदम फिस्सकन हसली. मग गुरुजीही हसले, अर्धे उठलेले, माझ्या हाताला लोंबकळत.

झोपताना मुलगी म्हणाली, "बाबा, आता झालं तुमचं. उद्या निवांत झोपा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचला जाग आली. चटई घेतली आणि घाटाच्या पायऱ्या उतरलो. गुडघा ठणकत होता. बहनजींनी विचारलं, "आज क्या ठीक कराना है?"

"कुछ नहीं।"

"तो बैठिए।"

बसलो. क्लास सुटल्यावर सगळ्या जणींना कोपऱ्यावरच्या दुकानात नेऊन कचौरी-जिलबी खाऊ घातली. बहनजींनी जिलबी नको म्हटलं. त्यांचीही मीच खाल्ली.