होडीवरचं नाव

आईचं नाव लग्नात बदललं. माहेरचं नाव सासरी पुन्हा कुणी घेतलंच नाही. वडील दौंडजवळ भीमेत मासे धरायचे. नवी होडी घेतली, तेव्हा त्यांनी तिच्यावर तेच जुनं नाव रंगवलं आणि बांबूला आईची हिरवी साडी शीड म्हणून बांधली. वारा भरला की साडीत कुणीतरी उभं आहे असं वाटायचं.

काठावरचे लोक त्या नावाने होडीला हाक मारायचे आणि धुणं धुणारी आई चटकन मान वर करायची. "मला न्हाई, होडीला बोलावत्यात," म्हणून हसायची. मला त्या हसण्याचा राग यायचा.

आई गेली, मग वडीलही गेले. यंदा मी होडी विकली. नव्या मालकाने पहिल्याच दिवशी नाव खरवडून दुसरं रंगवलं. मी चिडलो, तर म्हणाला, "मालक बदलला की नाव बदलायचंच की! त्यात काय एवढं?"

शीड तेवढं त्याने जुनंच ठेवलं होतं. त्याने होडी पाण्यात लोटली, तेव्हा मी काठावरून आईचं माहेरचं नाव घेऊन ओरडलो. होडी पुढेच गेली. हिरवी साडी मात्र गर्रकन फिरली आणि माझ्याकडे तोंड करून उभी राहिली.