न झाडलेल्या चार गोळ्या

बंदुका दुरुस्त करण्यात पन्नास वर्षं घालवलेल्या त्या म्हाताऱ्याला सगळी गल्ली गजकाका म्हणायची. कुणी कसलीही जुनी बंदूक घेऊन दुकानात आलं, की ते आधी नळीत गज सोडायचे, तोंडापाशी खडूची खूण करायचे आणि मग तोच गज नळीला बाहेरून लावून बघायचे. आतबाहेर सारखा भरला तर बंदूक रिकामी. "आधी गज, मग गप्पा," असं म्हणायचे. लोक हसायचे. हसेनात का! हसणाऱ्यांची बोटं जागेवर राहिली ती त्या गजामुळेच.

आता गुडघ्यांनी दगा दिला होता, नजर अधू झाली होती. दुकान उघडायचं ते निव्वळ सवयीने. खुर्चीतून उठायचं तरी मनाशी दोनदा ठरवावं लागे.

एवढ्या आयुष्यात एकाच बंदुकीत त्यांचा गज कधी गेला नव्हता. ती थोरल्या भावाच्या, दादांच्या खोलीत पलंगाच्या वर टांगलेली होती. पणजोबांची फौजी रायफल. चकमकीच्या दगडाने बार उडवायचा जमाना सरला होता आणि काडतूस अजून यायचं होतं, त्या मधल्या काळातली. तोंडातून दारू ओतायची, शिशाची गोळी गजाने ठासायची, मागच्या बोंडीवर तांब्याची टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटायचा आणि बार उडायचा. पणजोबा शेवटच्या गोळीपर्यंत लढले, मग पडले, आणि सोबत्याने बंदूक घरी आणून दिली, असं घरात सांगत आले होते. तिला कुणी हात लावायचा नाही हा दादांचा नियम. गजकाकांनीही तो पाळला. परक्याच्या बंदुकीवर संशय घेणं हा धंदा. पण घरच्या बंदुकीवर? दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

याच बंदुकीखाली बसून दादांनी पोटच्या पोराशी बोलणं टाकलं, त्याला चोवीस वर्षं झाली. पोरगा फौजेत होता. एका दुपारी हुकूम सुटला, समोर माणसं उभी होती, आणि त्याचं बोट चापावर हललंच नाही. घरी पाठवला. दादा एकदाच बोलले, "त्या भिंतीकडे बघ आणि मग मला तोंड दाखव." त्यानंतर आजतागायत चकार शब्द नाही. दादा अंथरुणाला खिळले तेव्हापासून पोरगा रोज डबा आणि औषधं घेऊन यायचा, बाहेरच्या खोलीत ठेवायचा, आत गजकाका न्यायचे. निरोप्याचं काम करून करून गजकाकांचा जीव मेटाकुटीला आला होता. दादा चौऱ्याऐंशीचे. या दोघांनी एकदा तरी समोरासमोर बोलावं, एवढी एकच इच्छा उरली होती.

मग संग्रहालयाने ती रायफल मागितली. खाली पाटी लावणार होते, "शेवटच्या गोळीपर्यंत लढलेल्या सैनिकाची." फक्त बंदूक रिकामी असल्याची गजकाकांची चिठ्ठी हवी होती.

"घरच्या बंदुकीला चिठ्ठी कसली?" दादा उखडले. "डोळे मिटून सही कर."

"दादा, आजवर कुणाला दिली नाही, तुला कशी देऊ?"

दादांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. गजकाकांना वाटलं, म्हाताऱ्याचा मान दुखावला.

रायफल दुकानात आणून त्यांनी गज सोडला, खूण केली, बाहेरून लावला आणि पुन्हा एकदा लावून पाहिला. गज चांगला वीतभर कमी भरत होता. नळीत पाणी ओतून चार दिवस दारू भिजवली, मग गजाच्या टोकाला पेचाची सुई लावून एकेक गोळी उपसून काढली. एक निघाली. तिच्यामागे दुसरी. मग तिसरी, चौथी. बोंडीवर घोडा आपटल्याची खूणही नव्हती. पणजोबांनी चारदा बंदूक भरली होती आणि टोपी एकदाही बसवली नव्हती. अवतीभोवती बार उडत होते. यांचा उडतोय की नाही, कुणाला कळणार?

गजकाकांना रडू आलं, आणि रडतारडता बरंही वाटलं. आता दादांना सांगता येणार होतं, की तुझा पोरगा घराण्याबाहेरचा नाही रे.

दुपारी त्यांनी दादांच्या उशाशी रुमालावर चारही गोळ्या मांडल्या आणि सगळं सांगितलं.

दादांनी गोळ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. "चार आहेत का? मला वाटलं होतं तीन."

"म्हणजे?"

"पस्तिशीत होतो. तुझंच बघून एकदा गज घातला होता." बराच वेळ ते खोकत राहिले. "पोरगा तसा परत आला आणि मी घाबरलो. वाटलं, रक्तातच आहे हे. लोकांना कळेल. म्हणून एवढं बोललो त्याला." मग अगदी हळू म्हणाले, "बाहेर आहे का? बोलाव त्याला. मला सांगायचंय."

गजकाका पाय ओढत बाहेरच्या खोलीत आले. पुतण्या डबा पुसत होता. आता तोही पन्नाशीला टेकला होता. गजकाकांनी त्याला सगळं सांगितलं. गोळ्या, टोपी, दादांचा शब्द न् शब्द. काही गाळलं नाही. आयुष्यभराची खोड.

पुतण्याने एकच विचारलं, "बाबांना हे माझ्या वेळी माहीत होतं?"

"हो रे."

"मला बोलले तेव्हा? माहीत असून?"

गजकाकांनी मान डोलावली. पुतण्याने डब्याचं झाकण लावलं, औषधाच्या गोळ्यांची पाकिटं सकाळची आणि संध्याकाळची अशी वेगळी करून टेबलावर ठेवली आणि चपला घातल्या.

"काका, उद्यापासून डब्याचं तुम्ही बघा. मी दमलो."

जिन्यावर त्याची पावलं वाजली, मग वाजेनाशी झाली. आतून दादांनी विचारलं, "येतोय ना रे तो?"

गजकाका दारात उभे राहिले. पन्नास वर्षांत त्यांनी कुणाला खोटी चिठ्ठी दिली नव्हती, आणि खरं सांगायची आता ताकद नव्हती.