बॅजवाल्या वहिनींच्या हरवलेल्या नक्षी

गल्लीत त्यांना सगळे बॅजवाल्या वहिनीच म्हणायचे. शाळांच्या गणवेशावर खिशाला जे बोधचिन्ह असतं, ते वहिनी घरच्या पुढच्या खोलीत भरतकामाच्या मशीनवर करून द्यायच्या. नक्षी आधी कॉम्प्युटरवर आखायची, मग पेनड्राइव्हने मशीनला द्यायची.

एका सकाळी पाहतात तर सगळ्या फायलींच्या नावांना भलतीच शेपटं लागलेली. एकही उघडेना. पडद्यावर इंग्रजीत लांबलचक मजकूर. काल धूळ पुसताना आपलाच हात कुठेतरी लागला असणार, असं त्यांना वाटलं. त्यांनी कॉम्प्युटर बंद करून चालू केला, वायरी काढून फुंकर मारली. शेपटं जिथल्या तिथे.

नक्षी आखायचं सॉफ्टवेअर धाकट्या दिराने कॉम्प्युटरवर घालून दिलं होतं. फोनवर तो बघतो म्हणाला, पण फिरकलाच नाही. शेवटी नणंद आली. ती कॉलेजातली कॉम्प्युटर लॅब सांभाळायची. तिने आधी इंटरनेट तोडलं, मजकूर वाचला.

"हे सॉफ्टवेअर टाकताना त्याने अँटीव्हायरस बंद केला होता?"

"हो. नाहीतर चालत नाही म्हणाला."

"चोरीचं सॉफ्टवेअर आहे हे, वहिनी. ज्याने त्याचं कुलूप फोडलं, त्याने आत यायला स्वतःसाठीही वाट ठेवली. आता फायलींना स्वतःचं कुलूप लावून खंडणी मागतोय. देऊ नका, दिली तरी फायली मिळतीलच असं नाही."

वहिनींना काही उमगेना. दीर घरचा माणूस, तो कशाला वाईट करेल? आणि इतके दिवस नीट चाललं ते कसं? चोर काय घरात दबा धरून बसतो? नणंद म्हणाली, बसतो.

तिने कॉम्प्युटर पुसून कोरा केला. नक्षीचं एक मोफत सॉफ्टवेअर मूळ साइटवरूनच उतरवलं. कामाची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यायची आणि डिस्क काढून कपाटात ठेवायची, असंही बजावलं.

"तेही फुकट, हेही फुकट. मग फरक काय?" वहिनींनी विचारलं.

"हे बनवणाऱ्यांनीच वापरा म्हणून दिलंय. ते पळवलेलं होतं."

वहिनींनी मान डोलावली. पण एवढी मेहनत करून कुणी असंच वाटून का टाकेल, हे कोडं राहिलंच.

मशीनमध्ये मोजक्याच नक्षी शिल्लक होत्या. बाकीच्या नक्षी वहिनी जुने बॅज समोर ठेवून नव्याने आखायला बसल्या, तर नव्या सॉफ्टवेअरची बटणं सगळी भलत्या जागी. एका शाळेचा बॅज भरून पाहिला, तर हंसाची मान उलट्या बाजूला वळलेली. वहिनी कपाळाला हात लावून बसल्या, मग सगळे टाके उसवले.

त्यात दीर आला. खुर्चीच्या कडेवर टेकला. याच्यावर रागवावं की नाही, तेच वहिनींना ठरवता येईना.

"ताईला माझ्याकडेही यायला सांगाल?" तो खाली बघत म्हणाला. "माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवरही मी तसलंच टाकलंय."