निकाहाआधीची अट

आमच्याकडे निकाहाच्या वेळी नवरी आतल्या खोलीत बसते आणि नवरा बाहेर मंडपात. घरातलाच कुणी मोठा माणूस वकील होतो. दोन साक्षीदारांना घेऊन तो आत येतो, नवरीची संमती विचारतो आणि बाहेर जाऊन मौलानांना सांगतो. नवरीनं तोंड उघडायचं नाही, हे मात्र आमच्या बायकांनीच ठरवून टाकलेलं. ती लाजून गप्प बसते, शेजारची कुणी तिची मान खाली दाबते, की झाला होकार!

चाकणच्या कार्यालयात माझे वकील होते मामू. त्यांनी विचारलं आणि खालाचा, म्हणजे अम्मीच्या थोरल्या बहिणीचा, हात माझ्या डोक्यावर आला. मी मान ताठ केली. आदल्या दिवशी हळदीत सासूबाई हसत हसत म्हणाल्या होत्या, "आता कंपनी, शिफ्ट सगळं बंद हं." ती नोकरी मी भांडून मिळवली होती.

"मामू, लग्नानंतर माझी नोकरी चालू राहील. त्यांनी सगळ्यांसमोर कबूल करावं, मग मी करते."

खाला फिस्कारली, "बया, नाक कापलंस आमचं! वऱ्हाड परत गेलं म्हंजी?"

मामू घाम पुसत बाहेर गेले आणि माझा सगळा तोरा उतरला. मला नोकरी हवी होती आणि तो माणूसही हवा होता. खरंच परत गेले तर?

मामू आले ते हसतच. "मौलाना म्हणले, निकाह म्हंजी करार हाय, अट घालायचा पोरीला हक्कच हाय. आन् नवरदेव म्हणतो, एवढंच व्हय? मला वाटलं, माझी रातपाळी सोडायला सांगती का काय!"

मी एवढ्या जोरात "कबूल" म्हणाले की मंडपात हशा पिकला. इतकं हलकं वाटलं की सकाळपासून मेलेली भूक एकदम लागली.

अम्मी माझी ओढणी सारखी करताना हळूच म्हणाली, "मला मास्तरीण व्हायचं व्हतं गं." मग खालाकडे बघितलं. "माझी मान हिनंच दाबली व्हती. पण अट घालता येती, हे हिला तरी कुणी सांगितलं व्हतं?"