खिडकीजवळचं पोतं

नव्वदच्या दशकातली गोष्ट. यशवंतपूरला बेळगावची संध्याकाळची बस सुटायला आली होती आणि कंडक्टर पोतं चढवू देईना. पोत्यात वाळ्याची रोपं होती. तिकडच्या डोंगरात पाऊस आता उशिरा येई आणि एका दमात शेतातली माती नेई. वाळ्याची मुळं बांध धरून ठेवतात, म्हणून आमची संस्था छोट्या शेतकऱ्यांना ही रोपं देत असे.

टप भरला होता. आत एकच जागा उरली होती. मी कंडक्टरशी भांडत होते आणि रोपं न्यायला आलेला शेतकरी पोत्यावर तांब्याने पाणी शिंपडत होता.

"अण्णा, त्या जागेवर पोतं बसवा," तो म्हणाला. "पुरं तिकीट काढतो."

"आणि तू?" कंडक्टरने विचारलं.

"उद्या येतो. फाट्यावरच्या हॉटेलात फोन केलाय. बायको उतरवून घेईल."

"एक दिवस थांबा, दोघं बरोबर जा," मी म्हटलं.

"ढग भरलेत तिकडं, अक्का. रोपं पावसाआधी बांधाला लागली पाहिजेत. मी आधी जाऊन काय पावसाचा हात धरू?"

बस हलली. तो धावत गेला आणि रोपांना वारा लागावा म्हणून त्याने बाहेरून पोत्याजवळची काच सरकवून उघडली. मग परत येऊन, झोपायला जागा कुठे मिळेल, असं विचारलं.

तो पुन्हा भेटला नाही. त्याच आठवड्यात बेळगावकडे पाऊस झाल्याचं कळलं, तेव्हा मला आधी ते पोतं आठवलं, मग तो.